माल विकणाऱ्यांच्या रेकॉर्ड कंपन्या

रेकॉर्डचा धंदा पहिल्यापासून दुसऱ्या कुठल्या तरी मालाच्या आधाराने वाढला. एक रेकॉर्ड विकायची आणि आलेल्या पैशांतून पुढची काढायची, असा सरळ व्यवहार करणाऱ्या कंपन्या होत्याच. पण त्यांच्या जोडीने खुर्च्या, बिलियर्डची टेबले, केसांचे तेल, विजेचे दिवे, दारू, कॉफी असला माल विकणाऱ्यांनीही आपापली लेबले काढली. अशा मालकाचा हिशेब वेगळा असतो. गाण्याची तबकडी तोट्यात गेली तरी त्याला चालते, कारण नफा दुसऱ्या दुकानात व्हायचा असतो. म्हणून हे मालक कधी कधी पक्का धंदेवाईक घेणार नाही असा धोका पत्करतात. आणि मुख्य मालाला गाण्याची गरज उरली नाही, की तितक्याच सहजपणे लेबल गुंडाळतात.

भारतातले सर्वांत जुने आणि ठसठशीत उदाहरण कोलकात्याचे आहे. हेमेंद्रमोहन बोस हे सुगंधी मालाचे व्यापारी. 'कुंतलीन' हे केसांचे तेल, 'देलखोश' हे अत्तर आणि पानात घालायचे 'तांबुलीन' ही त्यांची उत्पादने बंगालभर खपत. जाहिरातीची त्यांची जाण काळाच्या फार पुढे होती. १८९६ मध्ये त्यांनी 'कुंतलीन पुरस्कार' ही कथास्पर्धा सुरू केली. अट एकच : गोष्टीत कुंतलीन किंवा देलखोशचा उल्लेख यायला हवा, पण तो जाहिरातीसारखा वाटता कामा नये. पहिल्या वर्षीचे बक्षीस गेले जगदीशचंद्र बोस यांना. समुद्रातले वादळ तेलाच्या बाटलीने शांत होते, अशी ती कथा बंगाली विज्ञानकथेच्या आरंभीच्या नमुन्यांत गणली जाते. पुढे शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची पहिली छापील कथाही याच स्पर्धेतून आली, तीही मामाच्या नावावर पाठवलेली. तेलाच्या जाहिरातीतून एवढे साहित्य निघाल्यावर गाणे फार लांब नव्हते.

तेल विकणाऱ्याला रेकॉर्ड काढता कशी आली, याचे उत्तर त्या काळच्या यंत्रात आहे. ग्रामोफोनच्या सपाट तबकडीसाठी मूळ मुद्रण परदेशी धाडावे लागे. १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात गायिका गौहरजानचे गाणे घेणाऱ्या ग्रामोफोन कंपनीच्या मुद्रकाच्या, फ्रेड गेसबर्गच्या, मेणाच्या तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या कारखान्यात गेल्या आणि तिथून रेकॉर्ड बनून परत आल्या. गाणे संपताच गौहरजान इंग्रजीत स्वतःचे नाव सांगते ते त्यामुळेच, म्हणजे हॅनोव्हरच्या कामगाराला लेबलवर काय छापायचे ते कळावे. एडिसनच्या फोनोग्राफचे तसे नव्हते. तेच यंत्र आवाज टिपे आणि तेच वाजवून दाखवी. मेणाचे नळकांडे बसवायचे, चावी द्यायची, कर्ण्याच्या तोंडाशी गायचे. सुमारे दोन मिनिटांत नळकांडे भरले, की टिपणारी सुई काढून वाजवणारी सुई लावायची. कारखाना नाही, जहाज नाही. ज्याच्याकडे यंत्र, कोरी नळकांडी आणि गाणाऱ्यांशी ओळख, तो रेकॉर्ड कंपनी.

बोस यांच्याकडे तिन्ही होते. धर्मतल्ल्यावरच्या मार्बल हाउसमध्ये त्यांनी 'टॉकिंग मशीन हॉल' थाटला आणि १९०६ मध्ये 'एच. बोसेस रेकॉर्ड' या नावाने नळकांडी विकायला काढली. वेळ नेमकी साधली होती. १९०५ च्या ऑक्टोबरात बंगालची फाळणी अमलात आली होती, रस्तोरस्ती स्वदेशीची गाणी चालली होती, आणि ती रचणारे रवींद्रनाथ ठाकूर बोस यांच्या परिचयातले. रवींद्रनाथांनी बोस यांच्या यंत्रापुढे आपली गाणी गायिली, 'वंदे मातरम्'ही गायिले. परदेशी ग्रामोफोन कंपनीच्या तुलनेत एका बंगाली तेलवाल्याकडे स्वदेशीचा आवाज असणे हा त्या मालाचा मोठाच दिमाख होता. यंत्र मात्र अमेरिकेचे आणि मेणही बाहेरचे. पण त्या काळातल्या पुष्कळ स्वदेशी मालाची कथा अशीच होती.

नळकांड्याची अडचण दुसरीकडे होती. त्याच्या प्रती काढणे कटकटीचे, ते वाजवून वाजवून झिजते, आणि कोलकात्याच्या दमट हवेत मेणावर बुरशी चढते. बाजार सपाट तबकडीकडे वळत होता. बोस यांनी मग फ्रान्सच्या पाथे कंपनीशी जोडून 'पाथे-एच. बोस' या जोडनावाने तबकड्या काढल्या. पण पाथेची तबकडी इतरांसारखी नव्हती. तिची खाच आडवी न हलता वरखाली जाई, ती पोलादी पिनेऐवजी नीलमण्याच्या गोळीने वाजे, आणि सुरुवात मधून होऊन शेवट कडेला येई. घरात साधा ग्रामोफोन असलेल्या गिऱ्हाइकाला ती लावताच येत नसे. काही वर्षांत हा व्यवसाय आटोपला आणि १९१६ मध्ये बोस वारले. त्यांची फार थोडी मुद्रणे आज उरली आहेत. आवाजाचा नाद मात्र घरात टिकला. त्यांचे चिरंजीव नितीन बोस यांनी १९३५ मध्ये 'भाग्यचक्र' आणि त्याचीच हिंदी आवृत्ती 'धूप छाँव' दिग्दर्शित केली. हिंदी चित्रपटातल्या पार्श्वगायनाची पद्धत याच चित्रपटापासून धरतात. हे चित्रपट काढणाऱ्या न्यू थिएटर्समध्येच दुसरे चिरंजीव मुकुल बोस ध्वनिमुद्रक होते.

परदेशात याच सुमाराला दुसऱ्या तऱ्हेचे मालक या धंद्यात आले होते : लाकूडकाम करणारे. ग्रामोफोन हे तेव्हा दिवाणखान्यातले फर्निचर होते, आणि सुबक पेटी बनवणाऱ्याला त्यात चांगला पैसा मिळे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन चेअर कंपनीने पेट्या बनवता बनवता १९१७ मध्ये 'पॅरामाउंट' हे लेबल काढले. पेटीबरोबर वाजवायला काही तरी असावे एवढाच हेतू. मुद्रण स्वस्तातले, तबकडीचा मसाला हलका, त्यामुळे खरखर जास्त. पण १९२२ पासून या कंपनीने कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी गाणी काढायचे ठरवले आणि मा रेनी, ब्लाइंड लेमन जेफरसन, चार्ली पॅटन यांचा ब्लूज त्या खरखरीत टिकून राहिला. मंदीच्या काळात, १९३२ मध्ये, मुद्रण थांबले. खुर्च्यांच्या कंपनीला त्या आवाजांचे मोल नव्हते. धातूचे साचे मोडीत गेले. आज त्याच पॅरामाउंटच्या मूळ तबकड्या संग्राहक शोधत फिरतात. बिलियर्डची टेबले बनवणाऱ्या ब्रन्सविक कंपनीनेही असाच उद्योग केला आणि १९३० मध्ये तो वॉर्नर ब्रदर्सला विकून टाकला. खुद्द 'हिज मास्टर्स व्हॉइस'वाली (एचएमव्ही) इंग्लिश कंपनी १९०० ते १९०७ या काळात 'ग्रामोफोन अँड टाइपरायटर' या नावाने वावरत होती. गाण्यांवर धंदा चालेल याची मालकांना खात्री नव्हती, म्हणून टंकलेखन यंत्राचा टेकू.

यंत्रवाल्यांच्या लेबलांतले महाराष्ट्राला सर्वांत जवळचे नाव 'ओडियन'. बर्लिनमध्ये १९०३ साली निघालेल्या या लेबलाने तबकडीच्या दोन्ही बाजूंना गाणे भरण्याची पद्धत रूढ केली. १९०६ च्या अखेरीस त्याचे मुद्रक कोलकात्याहून निघून बनारस, लखनौ, दिल्ली, लाहोर करत मुंबईपर्यंत फिरले आणि सुमारे ७०० गाणी बर्लिनला घेऊन गेले. १९११ मध्ये ओडियन कार्ल लिंडस्ट्रॉम या ग्रामोफोन यंत्रे बनवणाऱ्या जर्मन कंपनीच्या ताब्यात गेले. पहिल्या महायुद्धाने भारतातला त्याचा कारभार थांबवला. १९३२ ते १९३८ या दुसऱ्या फेरीत मात्र त्याने मुंबई आणि मद्रास ही केंद्रे धरून किमान २,००० गाणी घेतली. यात आले ते मिरजेचे उस्ताद अब्दुल करीम खाँ.

कैराण्यात जन्मलेल्या खाँसाहेबांनी मिरज हे घर केले. १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात ते वारले आणि मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना मूठमाती दिली गेली. ग्रामोफोन कंपनीसाठी ते तरुणपणीही गायिले होते, पण आज ज्या गाण्यांवरून त्यांची ओळख होते ती उतारवयातली ओडियनची. तीन-सव्वातीन मिनिटांत ख्याल कसा मावणार, हा प्रश्न त्या पिढीच्या प्रत्येक गवयापुढे होता. खाँसाहेबांनी विस्ताराचा हव्यास सोडला, एकेक सूर लांबवून लावला आणि झिंझोटी, भैरवीसारख्या रागांतल्या ठुमऱ्या अशा गायिल्या की तबकडी संपली तरी काही अर्धवट राहिल्यासारखे वाटत नाही. यंत्रवाल्यांच्या हाती गेलेल्या या लेबलाने खाँसाहेबांच्या किराणा घराण्याची गायकी पुढच्या पिढ्यांच्या कानापर्यंत पोचवली. बालपणी गदगला खाँसाहेबांची तबकडी ऐकून गाण्याच्या मागे लागलेले भीमसेन जोशी यांची हकीकत तर सर्वांना ठाऊक आहे.

मुंबईत १९३५ मध्ये निघालेले 'यंग इंडिया' हे लेबल या यादीत बसत नाही, कारण त्यामागची नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी रेकॉर्डच बनवत होती. तरी तुलनेसाठी ते उपयोगी. पाठीशी दुसरा माल नसल्याने बड्या गवयांचे मानधन त्याला परवडत नसे. नवोदित, हौशी आणि गावोगावचे कलावंत हीच त्याची दौलत. १९५५ पर्यंत ते तग धरून राहिले.

स्वातंत्र्यानंतर बराच काळ रेकॉर्ड म्हणजे एचएमव्ही, असेच समीकरण होते. त्याला पहिला खरा धक्का दिला तो पॉलिडॉरने. या नावामागची साखळी लांब आहे. हॉलंडची फिलिप्स आणि जर्मनीची सीमेन्स या दोन विजेच्या सामानाच्या कंपन्यांनी १९६२ मध्ये आपापले रेकॉर्डचे धंदे जोडले आणि १९७२ मध्ये त्याला पॉलिग्राम हे नाव आले; पॉलिडॉर हे त्यातलेच एक लेबल. फिलिप्स म्हणजे महाराष्ट्राच्या घराघरातला रेडिओ आणि बल्ब. हिशेब जुनाच, पण फार मोठ्या प्रमाणावर : नवे यंत्र बाजारात आणायचे असेल तर त्यावर वाजवायला गाणी आपल्या हातात हवीत. फिलिप्सने १९६३ मध्ये कॉम्पॅक्ट कॅसेट दाखवली, १९८२ मध्ये सोनीबरोबर सीडी आणली, आणि पहिल्या सीडी निघाल्या त्या पॉलिग्रामच्याच जर्मन कारखान्यातून.

भारतात पॉलिडॉरचे नाव गाजले ते गाण्यांपेक्षा बोलण्यामुळे. १९७५ च्या 'शोले'ची गाण्यांची रेकॉर्ड होतीच, पण लोक चित्रपटगृहातून बाहेर पडताना संवाद म्हणत होते, हे पाहून कंपनीने संवादांची रेकॉर्ड काढली. ती लग्नाच्या मांडवात, गणपतीच्या मंडपात लाउडस्पीकरवर वाजू लागली. गब्बरसिंगचा आवाज पडद्याबाहेर पोचवण्याचे निम्मे श्रेय त्या तबकडीला आहे. पुढे ही कंपनी 'म्युझिक इंडिया' झाली, गझल आणि भजनांच्या कॅसेटवर मोठी झाली, मग पॉलिग्राम इंडिया आणि शेवटी युनिव्हर्सल म्युझिक इंडिया.

शेवटच्या नामांतरात एक दारूची कंपनी आहे. १९९८ मध्ये फिलिप्सने पॉलिग्राम सुमारे १०.४ अब्ज डॉलरना विकली, ती कॅनडाच्या सीग्रॅमला. व्हिस्कीवर उभ्या राहिलेल्या या घराण्याने तीन वर्षांपूर्वी एमसीए ही करमणूक कंपनी घेतली होती. दोन्हींच्या बेरजेतून युनिव्हर्सल म्युझिक जगातली सर्वांत मोठी रेकॉर्ड कंपनी झाली. सीग्रॅमला मात्र हे पेलले नाही. २००० मध्ये सगळे मिळून फ्रान्सच्या विवेंदीकडे गेले आणि विवेंदीने दारूचा भाग लगोलग डियाजिओ आणि पर्नो रिकार यांना विकला.

सीग्रॅमचे नाव गाण्याशी जोडलेले भारतात मात्र निराळ्याच कारणाने दिसत राहिले. केबल टीव्हीच्या नियमांनी दारू आणि तंबाखूच्या जाहिरातींना बंदी आहे, आडवळणाने केलेल्या जाहिरातींनाही. कंपन्यांनी त्यावर तोडगा काढला : बाटलीचे नाव, रंग, बोधवाक्य सगळे तेच ठेवायचे आणि विकायला दाखवायची दुसरीच वस्तू. सोडा, पिण्याचे पाणी, चषकस्पर्धा, आणि सर्वांत सोयीची म्हणजे 'म्युझिक सीडी'. जयसिंगपूरपासून नागपूरपर्यंत केबलवर 'इम्पिरियल ब्लू' या सीग्रॅमच्या नावाने विकल्या जाणाऱ्या व्हिस्कीची पुरुषांच्या खोडकर स्वभावावरची जाहिरात लागायची आणि शेवटी पडद्यावर म्युझिक सीडीचे नाव यायचे. जाहिरात पाठ असलेल्यांपैकी सीडी पाहिलेला माणूस शोधावा लागेल. 'रॉयल स्टॅग'चीही तीच तऱ्हा. बकार्डीने मात्र 'बकार्डी ब्लास्ट' या नावाने नाचाच्या गाण्यांचे संग्रह खरोखर बाजारात आणले होते.

ही लेबले रेकॉर्डच्या इतिहासात चमत्कारिक जागी बसतात. बोस यांच्या नळकांड्यामागे तेल होते तरी गाणे खरे होते. इथे गाणे हा कायद्यासाठी घातलेला बुरखा. २००९ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन, एकाच नावाने निघणारा दुसरा माल काही अटींवर दाखवायला मुभा मिळाली : जाहिरातीत दारूची सूचनाही नको, आणि तो माल बाजारात खरोखर विकला जात असला पाहिजे. त्यासाठी जाहिरातदारांच्या स्वनियमन परिषदेने उलाढालीच्या किमान मर्यादाही घातल्या. २०२२ च्या जूनमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा आडून केलेल्या जाहिरातींना मार्गदर्शक तत्त्वांतून स्पष्ट मनाई केली. इम्पिरियल ब्लू हे नाव दरम्यान पर्नो रिकारकडे होते. २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या टिळकनगर इंडस्ट्रीजने ते विकत घेण्याचा करार जाहीर केला.

उलट दिशेची उदाहरणेही भारतात आहेत. टी-सिरीज आधी कॅसेटची कंपनी; नाव घराघरात पोचल्यावर त्याच नावाने टीव्ही आणि धुण्याची पावडरही निघाली. एचएमव्हीची वारस सारेगामा हिने २०१७ मध्ये 'कारवां' हा जुन्या रेडिओच्या घाटाचा संच आणला, त्यात ५,००० गाणी आधीच भरलेली. मराठी गाण्यांचा कारवांही निघाला. कपाटात पडून असलेल्या गाण्यांसाठी रेकॉर्ड कंपनीने यंत्र विकायला घेतले, आणि ते घेणारे बहुतेक जण ते आईवडिलांना भेट द्यायला घेत.

एकविसाव्या शतकात रेकॉर्ड खपेनात, तशी लेबल काढायची हौस पुन्हा जागी झाली, तीही बाहेरच्यांना. कारण उघड होते : रेकॉर्ड कंपन्यांकडे पैसा उरला नव्हता, जाहिरातीच्या खात्यांत भरपूर होता. स्टारबक्सने तर आधीच, १९९९ मध्ये, 'हिअर म्युझिक' ही संगीत कंपनी विकत घेतली होती. कॉफीच्या गल्ल्याशेजारी ठेवलेल्या सीडी लोक सहज उचलत. कॉनकॉर्डबरोबर काढलेल्या रे चार्ल्सच्या २००४ च्या अल्बमला आठ ग्रॅमी मिळाले. २००७ मध्ये पॉल मॅकार्टनी स्टारबक्सच्या लेबलावर आले. पुढच्याच वर्षी कंपनीने कारभार कॉनकॉर्डकडे सोपवला, आणि २०१५ मध्ये दुकानांतून सीडीच गेल्या. २००८ मध्ये व्हिक्स आणि टाइडवाल्या प्रॉक्टर अँड गॅम्बलने 'टॅग' या अंगाला मारायच्या सुवासिक फवाऱ्याच्या नावाने हिपहॉपचे लेबल जाहीर केले. प्रमुख म्हणून जर्मेन डुप्रीसारखा नावाजलेला निर्माता आणला, पण लेबल रुजले नाही. रेड बुलचे २००७ चे लेबल टिकले, कारण त्यांनी डब्याचे नाव गाण्यात घुसडण्याचा हट्ट न धरता नेहमीच्या लेबलासारखे कलावंत घेऊन वर्षानुवर्षे वाढवले. माउंटन ड्यूने तर एकेक गाणे फुकट वाटले आणि हक्क कलावंताकडेच ठेवले.

कलावंताच्या दृष्टीने खरा प्रश्न याच हक्कांचा असतो. नेहमीचे लेबल आगाऊ रक्कम देते आणि ती विक्रीतून वसूल होईपर्यंत गायकाला मानधनाचा वाटा मिळत नाही. मालवाल्याचा पैसा जाहिरातीच्या खर्चातला. तो वसूल करायची त्याला घाई नसते, त्यामुळे करार वरवर उदार दिसतो. पण मूळ मुद्रण कोणाचे, हे कलम न वाचता सही केली तर गाणे त्या मालाबरोबर बांधले जाते. भारतीय प्रताधिकार कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता, आणि त्याचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे चालतो. गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनाचा न सोडता येणारा हक्क मिळाला तो २०१२ च्या दुरुस्तीने. फवाऱ्याची कंपनी बंद झाली, विकली गेली किंवा तिने तो फवाराच बाजारातून काढला, तर त्या ६० वर्षांत गाणे कोणाच्या परवानगीने वाजवायचे, हे शोधण्यातच वर्षे जातात.

जुन्या लेबलांच्या बाबतीत हे शोधण्याचे आणि जपण्याचे काम मालकांच्या वारसांनी केले नाही. ते केले रद्दीवाल्यांच्या आणि चोर बाजारातल्या ढिगांतून तबकड्या उचलणाऱ्या संग्राहकांनी. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी जमवलेल्या संग्रहांतून ओडियन आणि यंग इंडियाच्या तबकड्या ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातील दप्तरांच्या कार्यक्रमाखाली डिजिटल झाल्या. लेबलांची छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे दोन्ही त्यामुळे जपली गेली.